मोडक्या खाटेची चौकट

महाराष्ट्रातल्या घरांत गोधडी कोणी विकत आणीत नसे. ती घरात होत असे. लुगडे विटले, धोतर विरले, मुलाचा सदरा आखूड झाला, की त्यांची रवानगी बोचक्यात होई; आणि बोचके पुरेसे फुगले म्हणजे उन्हाळ्यातील एखाद्या दुपारी ते सोडून अंगणात किंवा ओसरीवर पसरले जाई. कुठे तिला वाकळ म्हणत, कुठे लेपाटे. तान्ह्या मुलासाठी लहान केली की तीच दुपटे होई. संत गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक गोधडेमहाराज या नावानेही ओळखीत, ते त्यांच्या अंगावरील ठिगळांच्या पांघरुणामुळेच. दारिद्र्याची खूण म्हणून जिच्याकडे पाहिले गेले आणि मायेची ऊब म्हणूनही जिचा उल्लेख झाला, अशी ही वस्तू. परंतु ती बनते कशी, तिचे थर एकमेकांना कशाच्या आधाराने धरून राहतात, याचा विचार क्वचितच होतो.

आज अनेक मराठी घरांत, मग ती पुण्यात असोत, इंदुरात असोत वा बंगळूरूत, एक चमत्कारिक परिस्थिती आढळते. बोचके आहे, पण अंगण नाही. ज्या वडीलधाऱ्या बाईच्या हातात टाका आहे, तिचे गुडघे तिला जमिनीवर बसू देत नाहीत. आणि ज्या मुलीसुनांचे गुडघे शाबूत आहेत, त्यांच्या हातात टाका नाही. कपाटात कोणा दिवंगत आईची दोन लुगडी घडी घालून ठेवलेली असतात. ती नेसावयाची नाहीत, टाकवत नाहीत आणि दिवसेंदिवस घडीवर चिरत चाललेली असतात. त्यांची गोधडी करावी हा विचार दरवर्षी होतो आणि दरवर्षी राहून जातो. त्याच घराच्या माळ्यावर किंवा गच्चीवर पुष्कळदा नवारीची एक जुनी खाट पडून असते. तीही टाकवत नाही आणि तिच्यावर निजताही येत नाही. या दोन निरुपयोगी झालेल्या वस्तू एकमेकींच्या उपयोगी कशा पडू शकतात, हा येथे विषय आहे. खाटेच्या लाकडांतून गोधडी शिवण्याची चौकट करता येते. तिला फार थोडी हत्यारे लागतात आणि खर्च जवळजवळ नाहीच.

चौकटीचे कार्य काय, हे समजण्यासाठी चौकटीवाचून गोधडी कशी शिवली जाते हे पाहिले पाहिजे. जुन्या कापडाचे चार-सहा थर एकावर एक अंथरले, की ते सरकू पाहतात. वरचा थर हाताबरोबर ओढला जातो, खालचा तेथेच राहतो, आणि शिवणीच्या शेवटी एका बाजूला चुणी आणि दुसऱ्या बाजूला अपुरे कापड असा प्रकार होतो. यावर जुन्या बायकांनी काढलेला उपाय अगदी साधा होता. थर जमिनीवर ताणून पसरावयाचे, कडांवर पाटे, वरवंटे, तांब्ये ठेवावयाचे आणि स्वतः गोधडीवर बसूनच टाके घालावयाचे. शिवणारीचे स्वतःचे वजन हीच तिची चौकट. ती जसजशी सरके तसतशी शिवण पुढे जाई. या पद्धतीला लाकूड लागत नाही, पण दोन गोष्टी लागतात: सहा फूट लांब व चार फूट रुंद अशी, काही आठवडे अडवून ठेवता येईल इतकी मोकळी जमीन, आणि तासन् तास वाकून बसू शकणारी पाठ. शहरी घरांत पहिली नाही, आणि उतारवयात दुसरी नाही.

भारतातील अन्य प्रांतांतही ही कला बहुतांशी जमिनीवरच वाढली. बंगालची कांथा जुन्या साड्या-धोतरांच्या थरांची. तिच्या नक्षीचे दोरे कित्येकदा साडीच्या काठांतूनच उसवून काढलेले असत. कवी जसीमुद्दीन यांनी १९२९ साली ‘नक्शी कांथार माठ’ या काव्याचे नावच तिच्यावरून ठेवले. बिहारातील मुझफ्फरपूरकडची सुजनी, कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या रानांत राहणाऱ्या सिद्दी बायकांची कवंदी, या साऱ्या गोधडीच्याच बहिणी. कवंदी तर कडेपासून सुरू होऊन फेऱ्याफेऱ्याने मध्याकडे जाते, जशी मराठी गोधडीही पुष्कळदा जाते. चौकट मात्र या देशाला अपरिचित होती असे नव्हे. जरदोजीचे कारागीर ज्या लाकडी चौकटीभोवती बसून काम करतात, तिला अड्डा किंवा कारचोब म्हणतात. कापड ताणून धरलेली, जमिनीपासून थोडी उचललेली ती चौकट पाहिली, की बिनानवारीची खाटच मांडली आहे असा भास होतो. गोधडीवाल्या बाईने ती घेतली नाही, याचे कारण गोधडी हे फावल्या वेळचे काम होते, आणि फावल्या वेळच्या कामासाठी घरात स्वतंत्र सामान करण्याची पद्धत नव्हती.

थंड देशांत मात्र हे सामान घरोघर झाले. वेल्समध्ये आणि इंग्लंडच्या उत्तर भागात दोन लांब दांडे व त्यांना जोडणाऱ्या दोन पट्ट्या एवढ्यावरच रजया शिवल्या जात; १९२८ साली तेथील ग्रामोद्योगांच्या सरकारी संस्थेने खाणींच्या मंदीने पोळलेल्या भागांतील बायकांना या कामातून मिळकत व्हावी म्हणून योजनाही आखली. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात शेजारणी एकत्र जमून एकीची रजई शिवीत. लहान लाकडी घरात चौकट मांडावयास जागा नसे. तेव्हा ती दोऱ्यांनी छताला टांगून ठेवीत आणि काम करावयाच्या वेळी खाली सोडीत. ज्यांना तेही शक्य नसे, त्या चार लाकडे चार खुर्च्यांच्या पाठींवर ठेवून त्यांतूनच चौकट उभी करीत. अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णी बायकांनी शेतावर झिजलेल्या विजारी व सदरे यांच्या रजया केल्या. त्याच परिसरात नागरी हक्कांच्या चळवळीतून १९६६ साली ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था निघाली. आणि २००२ साली न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर त्या वस्तीच्या रजया चित्रांसारख्या लावल्या गेल्या. कामाचे कपडे, घरातले लाकूड आणि बायकांचे हात यांखेरीज त्यांच्यापाशी फारसे काही नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

खाटेकडे या दृष्टीने पाहिले, की ध्यानात येते की खाट ही मुळातच ताण सहन करणारी चौकट आहे. नवार घट्ट विणली म्हणजे ती चारही दांड्यांना सतत आत ओढत असते. वर माणूस निजला की ही ओढ आणखी वाढते. वर्षानुवर्षे ही ओढ सोसलेले लाकूड गोधडीच्या माफक ताणाला सहज पुरे पडते. शिवाय त्याचा रस केव्हाच वाळलेला असतो. नवे लाकूड पहिल्या दोन-तीन ऋतूंत पीळ खाते, तसे जुने सहसा खात नाही. म्हणून या कामासाठी बाजारातून नवी पट्टी आणण्यापेक्षा सागाच्या जुन्या खाटेचे दांडे अधिक भरवशाचे.

मात्र प्रत्येक जुनी खाट उपयोगी पडेलच असे नाही. प्रथम नवार सोडावी. ती फेकू नये, तिचे पुढे काम आहे. मग दांडे एकेक करून तपासावेत. लाकडावर टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसली आणि दांडा आपटताच त्यांतून पिठासारखी भुकटी गळली, तर कीड अजून जिवंत आहे असे समजावे. तो दांडा घरात ठेवणेच धोक्याचे. भेग लांबीच्या दिशेने असेल तर चालते. आडवी असेल तर दांडा ताणाखाली मोडावयाचा. दुसरा शत्रू ढेकूण. खाटेच्या खाचा आणि कुसवे ही त्याची वतनाची जागा. सांधे सुटे केल्यावर त्यांत उकळते पाणी ओतावे, मग दांडे कडक उन्हात चांगले वाळवावेत, आणि हे एकदा नव्हे तर आठवड्याच्या अंतराने दोनदा-तीनदा करावे. कारण पहिल्या खेपेस अंडी राहिली तर गोधडीबरोबर ती अंथरुणात जातील. शेवटी काचकागदाने सारे लाकूड घासून गुळगुळीत करावे. हाताला न जाणवणारे कुसळही विरलेल्या सुताला अडकते आणि दोरा ओढून काढते.

सुटी केलेली खाट म्हणजे चार खूर, सुमारे सहा फुटांचे दोन लांब दांडे आणि सुमारे तीन फुटांचे दोन आखूड दांडे. चौकटीला खुरांची गरज नाही. ते बाजूस ठेवावेत. लांब दांड्यांवर गोधडी बांधावयाची, आणि आखूड दांडे त्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवणार. लांब दांडे समोरासमोर ठेवून त्यांच्या टोकांवर आखूड दांडे आडवे टाकले, की चौकट झाली. टोकांशी दोन्ही बाजूंना मिळून अर्धा-पाऊण फूट जागा सांध्यांत जाते. म्हणून सहा फुटांच्या दांड्यावर पाच फूट रुंदीपर्यंतची गोधडी बसते, एवढे धरून चालावे. आतली उघडी जागा अडीच फुटांच्या आसपास राहते. हे माप खाटेमुळे आपोआप आले असले तरी ते अत्यंत सोयीचे आहे. बसलेल्या बाईचा हात वाकल्याशिवाय सुमारे सव्वा फूट पुढे पोहोचतो; समोरासमोर दोघी बसल्या तर दोघींचे हात बरोबर मध्यावर मिळतात. चौकट याहून रुंद केली की मधल्या पट्ट्यासाठी पाठ वाकवावी लागते, आणि पाठ वाचविण्यासाठीच तर हा सारा खटाटोप.

यानंतरची एक गोष्ट लहान दिसते, परंतु तिच्यावर चौकटीचे यश पुष्कळसे अवलंबून आहे. खाटेचा दांडा बहुधा चौरस नसतो. एक अंग रुंद, एक अरुंद असे असते, आणि खाटेत रुंद अंग उभे ठेवलेले असते. ते योग्यच, कारण तेथे माणसाचा भार वरून येतो. गोधडीच्या चौकटीत भार वरून जवळजवळ नाही. ओढ आहे ती आडवी. म्हणून येथे तोच दांडा पालथा पाडून रुंद अंग जमिनीला समांतर ठेवावे. दीड इंच जाड व तीन इंच रुंद दांडा अशा रीतीने ठेवला, तर आडव्या ओढीखाली तो उभ्या ठेवलेल्या दांड्याच्या चौथ्या हिश्श्याइतकाच वाकतो. लांबीचा परिणाम तर याहून मोठा. ओढ तेवढीच असता दांड्याचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सहा फुटांऐवजी आठ फुटांचा दांडा घेतला तर तो मध्ये दुपटीहून अधिक वाकेल. मोठ्या चौकटीचा मोह टाळावा तो यासाठी. जुन्या खाटेचे लांब दांडे मध्यभागी किंचित आत वळलेले आढळतात, ती नवारीच्या ओढीची खूण. असे दांडे फिरवून त्यांचा फुगवटा चौकटीच्या बाहेरच्या बाजूस येईल असे बसवावेत. मग गोधडीचा ताण त्यांना वाकविण्याऐवजी सरळ करू लागतो.

चारही दांडे मांडल्यावर कोपरे काटकोनात आहेत की नाहीत हे पाहावयाचे. तिरकी चौकट डोळ्याला सरळच वाटते. तिच्यावर शिवलेली गोधडी काढून घडी घालू लागल्यावर मात्र कोपऱ्याला कोपरा जुळत नाही, आणि तोवर उपाय उरलेला नसतो. सुताराचा गुण्या हाताशी असेल तर ठीकच. नसेल तर एक दोरी पुरे. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून गाठ मारावी, आणि तीच दोरी उरलेल्या दोन कोपऱ्यांमध्ये लावून पाहावी. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून दोन्ही कर्णही सारखे भरले, तर चारही कोन काटकोन असलेच पाहिजेत. कमीजास्त भरले तर लांबट कर्णाचे कोपरे हलकेच आत दाबावेत आणि पुन्हा मोजावे.

कोपरे पक्के करण्यास लोखंडी शिकंजे मिळाले तर उत्तम, कारण ते केव्हाही सैल करून पुन्हा आवळता येतात. ते नसल्यास दोन्ही दांड्यांतून गिरमिटाने आरपार भोक पाडून बोल्ट घालावा व हाताने फिरविता येईल अशी चाकी लावावी. आखूड दांड्यांना तीन-तीन इंचांवर आणखी एक-दोन भोके ठेवली तर ताण कमीजास्त करण्याची सोय होते. खिळे मात्र ठोकू नयेत. ही चौकट दर खेपेस सोडावयाची आहे, आणि लांब दांडे शिवण पुढे जाईल तसे फिरवावयाचे आहेत. आता सोडून ठेवलेल्या नवारीचे काम येते. ती स्वच्छ धुऊन, वाळवून तिचा एकेक तुकडा प्रत्येक लांब दांड्यावर बारीक चुकांनी ठोकावा. तिची एक कड दांड्याबाहेर दोन इंच मोकळी राहू द्यावी. गोधडी लाकडाला न लावता या कडेला मोठ्या टाक्यांनी जोडावयाची असते. ज्या पट्टीने एके काळी निजणाऱ्या माणसाचा भार पेलला, तिला हे काम जड नाही.

चौकट कशावर ठेवावयाची, हा प्रश्न माणसागणिक बदलतो. खुर्चीवर बसून शिवणाऱ्या बाईसाठी चौकटीचा माथा जमिनीपासून सुमारे अठ्ठावीस इंच असावा. कोपर सहज टेकेल आणि गुडघे खाली मोकळे राहतील एवढी ती उंची. याकरिता दोन जुन्या घडवंच्या फार चांगल्या. पूर्वी ज्यांच्यावर वळकट्या रचल्या जात, त्यांच्यावरच आता गोधडी शिवली जाईल. त्या नसल्यास सारख्या उंचीची दोन मेजे, किंवा चार खुर्च्यांच्या पाठी. पाठी तिरप्या असतात, म्हणून प्रत्येक कोपरा सुतळीने बांधून टाकावा. नाहीतर कोणी उठता-बसता धक्का दिला की सारी चौकट सुईसह मांडीवर येईल. ज्यांना मांडी घालून बसता येते त्यांनी दोन ट्रंकांवर किंवा रचलेल्या पाटांवर ती फूटभर उंच ठेवावी. उजेड डाव्या बाजूने यावा. डावखुऱ्या बाईला उजव्या बाजूने.

कपड्याची तयारी हा पुढचा भाग. सारे कापड धुऊन त्यातील खळ काढून टाकावी, कारण खळीचे कापड सुईला अडते आणि कसरीला बोलावते. विरलेले कापड मध्ये आणि त्यातल्या त्यात धड कापड वर-खाली, हा जुना नियम येथेही लागू आहे. नऊवारी लुगड्याचा हिशेब तर जणू गोधडीसाठीच बसविलेला आहे. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या चार समान घड्या केल्या तर प्रत्येक थर पावणेसात फूट लांब आणि पन्ह्याइतका, म्हणजे चार फुटांच्या आसपास, रुंद होतो. एका मोठ्या माणसाची चार थरांची गोधडी एकाच लुगड्यात, एकही काप न घेता, होते. पुष्कळ घरांत ही गोष्ट महत्त्वाची ठरेल. कारण आईच्या लुगड्याला कात्री लावण्यास हात धजत नाही, आणि येथे ती लावावी लागत नाही.

या चार फुटी रुंदीची एक कड जवळच्या दांड्याच्या नवारीला आणि दुसरी कड दूरच्या दांड्याच्या नवारीला जोडावी. लांबी चौकटीहून कितीतरी अधिक असल्यामुळे उरलेले कापड दूरच्या दांड्यावर गुंडाळले जाते. येथे अननुभवी माणसाची नेहमी एक चूक होते: सारे थर एकदमच गुंडाळले जातात. थर चार असोत की सहा, गुंडाळीत आतला थर लहान फेरा घेतो व बाहेरचा मोठा. आत कापूस किंवा जुनी चादर घालून गोधडी पाव इंच जाड केली असेल, तर दर फेऱ्याला सर्वांत आतल्या व बाहेरच्या थरांत दीड इंचाहून अधिक अंतर पडते. पाच-सहा फेऱ्यांत वरचा थर वीतभर अपुरा होईल. यावर उपाय असा की फक्त सर्वांत खालचा थर दोन्ही दांड्यांना जोडावा; वरचे थर जवळच्या दांड्याशी पक्के करून दुसरीकडे मोकळेच, दूरच्या दांड्यावरून पलीकडे लोंबत सोडावेत. अखंड लुगड्याच्या घड्या असतील तर त्यांच्या दुमडीही तेथे मोकळ्या राहू द्याव्यात. तेथे थर थोडे सरकले, तरी शेवटी हाताने जुळविता येतात. प्रत्येक नवा पट्टा उघडला की वरचे थर हाताने मध्यापासून कडेकडे सारखे करावेत, कच्चा टाका घालावा, आणि मगच पक्की शिवण धरावी. आखूड बाजू सैल राहतात. त्यांना चिंध्यांच्या पट्ट्या टाचून त्या आखूड दांड्यांभोवती बांधाव्यात. दर वेळी गुंडाळताना या पट्ट्या सोडून पुन्हा बांधावयाच्या.

ताण किती द्यावा, यावर चौकट वापरणाऱ्यांचे सारे कौशल्य आहे. भरतकामाचे कापड ढोलकीसारखे ताणतात. गोधडी तशी ताणू नये. तिच्यात धावदोरा घालावयाचा असतो. म्हणजे सुईने थरांतून खाली-वर होत एका झेपेत तीन-चार टाके उचलावयाचे. कापड ताठ असेल तर सुईला वळावयास जागा मिळत नाही आणि एकेक टाका वेगळा ओढावा लागतो. मध्यावर हाताचा तळवा ठेवला असता कापड बोटभर खाली दबले पाहिजे. जुन्या कापडाच्या बाबतीत तर हा नियम जिवाशी पाळावा. पन्नास वर्षे घडीत राहिलेले लुगडे दिसावयास धड असते, पण घडीच्या रेघांवर त्याचे सूत झिजलेले असते. चौकटीचा अतिरिक्त ताण नेमका तेथे बसतो, आणि कापड फाटते ते आवाज न करता फाटते. काम थांबवून उठताना, विशेषतः रात्री, कोपरे थोडे सैल करून ठेवण्याची सवय लावली तर हा धोका बराच कमी होतो. ज्या रेघा संशयास्पद वाटतील त्यांच्या खाली आधीच नव्या मलमलीची पट्टी घालावी. दाभण टाळून जितकी बारीक सुई चालेल तितकी वापरावी. दाभणाचे भोक जुन्या सुतात पुन्हा बुजत नाही. वर सुई धरणाऱ्या हाताच्या बोटात अंगुस्तान घालावे. दुसरा हात चौकटीखाली राहील, आणि सुईचे टोक बोटाला जाणवले की ते वर परतवावे.

या चौकटीने सारेच साधते असे मात्र समजू नये. कडेपासून आत येत जाणारी, चौकोनात चौकोन बसवीत मध्यावर मिटणारी जी जुनी मराठी शिवण आहे, ती गुंडाळत्या चौकटीवर शक्य नाही. कारण तेथे एका वेळी एकच पट्टा उघडा असतो. चौकटीवर समांतर ओळीच नैसर्गिकपणे येतात. ज्यांना तो जुना चौक हवाच असेल, त्यांनी लहान दुपटे करावे. ते तीन फूट लांब व अडीच फूट रुंद असे धरले, तर न गुंडाळता साऱ्या चौकटीत एकदम मावते आणि चारही बाजूंनी फिरत शिवता येते. मोठ्या गोधडीला तो चौक घालावयाचा तर जमीनच हवी. जमिनीवर बसणाऱ्या बायकांनी जे शोधून काढले ते अडाणीपणाने नव्हे. त्यांच्याजवळ जागा होती आणि त्या जागेला साजेल अशी शिवण त्यांनी घडविली. चौकट ही त्या पद्धतीची सुधारलेली आवृत्ती नसून निराळ्या घराची निराळी सोय आहे.

तथापि एक लाभ तिच्याकडे निःसंशय आहे. जमिनीवरच्या गोधडीभोवती शिकाऊ हाताला जागा नसते. चौकटीच्या दोन्ही बाजूंना मात्र दोघी सहज बसतात. जिच्या हातात टाका आहे ती खुर्चीवर बसून एक ओळ घालते, समोर बसलेली नात दुसरी ओळ तिच्याकडे पाहत पाहत घालते, आणि दोघींचे टाके शेजारी शेजारी दिसत असल्यामुळे चूक सांगावी लागत नाही. पहिल्या खेपेस मात्र आईचे लुगडे चौकटीवर घेऊ नये. एखादी विटलेली चादर आणि दोन जुनी धोतरे घेऊन एक दुपटे करावे. त्यात ताण, सुई आणि दांडे यांचा अंदाज येईल, आणि जे बिघडावयाचे ते तेथे बिघडेल. ते पुरे झाले की चाकी सैल करून चारही दांडे नवारीसकट एकत्र बांधावेत व दाराआड उभे करून ठेवावेत. एवढीशीच जागा त्यांना पुरते. मग एखाद्या कोरड्या, उन्हाच्या दिवशी कपाटातले लुगडे काढावे, उजेडासमोर धरून त्याच्या घडीच्या रेघा पाहाव्यात, आणि काम सुरू करावे.